टेलरबाईंच्या हार्ड डिस्कचा संशयास्पद मृत्यू

"माझी ओळख करून द्यायची गरज नाही," असं दाजींनी म्हटलं की समोरच्याने खुर्ची ओढून निवांत बसून घ्यावं, हे मेहुण्याला अनुभवाने कळलं होतं. कारण त्यानंतर जी ओळख सुरू व्हायची ती लवकर आवरायची नाही.

"गुन्हेगार मला चालण्यावरून ओळखतात," दाजी टेलरबाईंना सांगत होते, "आणि मी त्यांना न चालण्यावरून. समोरचा माणूस सकाळी कुठल्या कुशीवरून उठला, हे मी त्याच्या भांगावरून सांगतो. मेंदूचं म्हणाल, तर तो मी झोपेतसुद्धा बंद करत नाही. घरात तक्रार असते की मी झोपेत बडबडतो. बाई, ती बडबड नसते, तो तपास असतो. शांत स्वभाव, अफाट स्मरणशक्ती, आणि प्रसिद्धीची तर अजिबात हाव नाही. हे शेवटचं तुम्ही चार जणांना सांगितलंत तरी माझी हरकत नाही."

टेलरबाईंनी मान डोलावली. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे बोलणं शक्य नव्हतं. दाजींना असे श्रोते फार आवडत.

मेहुणा मागे बॅग धरून उभा होता. बॅगेत एक भिंग, एक लोहचुंबक, भांडी घासायचे रबरी हातमोजे आणि ताईच्या स्वयंपाकघरातला टॉर्च एवढी सामग्री होती. त्याचं स्वतःचं स्टेशनरीचं दुकान दुपारी बंद असे, आणि ती दुपार गेली काही वर्षं दाजींच्या पायाशी वाहिलेली होती. ही कामगिरी त्याच्यावर ताईने सोपवली होती. "ह्यांच्याबरोबर एखादा शहाणा माणूस असलेला बरा," असं ती म्हणाली होती, आणि बहिणीने शहाणा म्हटल्यावर भाऊ फसला तो फसलाच.

खरं सांगायचं तर दाजी निवृत्त होईपर्यंत पाण्याचे मीटर वाचत होते. लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपता टिपता त्यांची खात्री पटली होती की जगात सगळ्यांच्याच जिन्याखाली काहीतरी लपलेलं असतं. निवृत्तीनंतर त्यांनी तपासाचं काम अंगावर घेतलं. कोणी दिलं नव्हतं, म्हणून स्वतःच घेतलं. हरवलेल्या शिडीच्या केसमध्ये त्यांनी शेजारच्या दोन सभ्य गृहस्थांना घाम फोडला होता. शेवटी शिडी दाजींच्याच गच्चीवर मिळाली, त्यांनीच उसनी नेलेली. "पण मिळाली ना?" असा त्यांचा त्यावर सवाल होता. मेहुण्याच्या तोंडून ऐकून ऐकून आता सगळी गल्ली त्यांना दाजीच म्हणत असे, आणि ते ऐकताना त्यांना आपण सगळ्या गल्लीचे जावई असल्यासारखं वाटे.

टेलरबाईंनी टाचण्या उशीत खोचल्या आणि दुकानाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे एका बुटक्या टेबलावर त्यांचा कॉम्प्युटर होता. मागे भलंमोठं पोट असलेला मॉनिटर, एके काळी पांढरा असलेला आणि आता पिवळट पडलेला कॅबिनेट. दोघांनाही बाईंनी शिवलेली, बटणांची गवसणी होती. कीबोर्डलाही होती. माउसलाही एक छोटंसं टोपडं होतं. पडद्यावर मात्र काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं होती, आणि त्या अक्षरांचं म्हणणं असं होतं की हार्ड डिस्क सापडत नाही.

"काल सकाळपासून असंच," टेलरबाई म्हणाल्या. "कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. त्याने बघितलंसुद्धा नाही, फोनवरच म्हणाला, डिस्क गेली बाई, एवढं जुनं मशीन, फेकून द्या नि नवीन घ्या. मी म्हटलं, अहो पण आतलं काय? तर म्हणे, आतलं गेलं."

"आत काय होतं?" दाजींनी आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली आला की तो शेजारच्या दुकानात ऐकू जाई.

"मापं."

"कोणाची?"

"ज्यांना तयार कपडे होत नाहीत त्यांची. कोणाचा एक हात आखूड, कोणाला कुबड, कोणाचं ऑपरेशन झालेलं. आमचे हे होते तेव्हा त्यांनी हा कॉम्प्युटर आणला. मी मापं घेऊन आकडे मोठ्याने सांगायची, हे टाइप करायचे. मी कधी काही लक्षात ठेवलं नाही. कशाला ठेवू? हे होते ना." बाईंनी मॉनिटरवरची नसलेली धूळ पुसली. "साहेब, बाकीचं जाऊ दे. मला आज एक माप हवंय. ग्रंथपालबाईंचं."

ग्रंथपालबाई मेहुण्याला ठाऊक होत्या. पुस्तकांना लावायच्या चिठ्ठ्या आणि गोंद त्या त्याच्याच दुकानातून नेत. पाठीचा कणा लहानपणापासून एका अंगाला वळलेला, एक खांदा वर आणि एक खाली. दुकानात गर्दी असली तर त्या बाहेर थांबत आणि गर्दी ओसरल्यावर आत येत. कपडे मात्र असे बेतशीर असत की बघणाऱ्याचं लक्ष कपड्याकडे जाई, पाठीकडे जात नसे.

"त्यांनी आयुष्यात एकदाच माप दिलंय," टेलरबाई सांगू लागल्या. "ते पण किती विनवण्या केल्यावर. पडदा लावला, ह्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. माप होईपर्यंत बाईंची मान खाली ती खालीच. झाल्यावर रडल्या. तेव्हा मी शब्द दिला, बाई, ह्यापुढे तुमच्या अंगाला टेप लावणार नाही. तेव्हापासून त्या कापड पाठवतात नि मी शिवून देते. उद्या त्यांना मुख्य ग्रंथपाल करतायत. सगळ्यांसमोर उभं राहून भाषण करायचंय त्यांना. त्यासाठी कोट. संध्याकाळी ट्रायलला येतील, आणि माझं कापड हे असं घडीतच पडलंय."

"त्यांचा एखादा जुना कपडा मागवला तर?" मेहुण्याने विचारलं.

"मागवला की त्यांना कळलं माप गेलं म्हणून. आणि साध्या कपड्यावरून कोट नाही होत रे बाळा. कोटाला पाठीचं वळण न् वळण लागतं." बाईंचा आवाज जड झाला. "आता टेप घेऊन कुठल्या तोंडाने उभी राहू त्यांच्यासमोर?"

 ही शिडीची केस नव्हती. इथे दाजींना आणणं म्हणजे जखमेवर मलम म्हणून तिखट आणणं होतं, आणि त्यांना आणणारा तोच होता. म्हणजे आणलं नव्हतं. दुकानात बोलता बोलता बाईंच्या कॉम्प्युटरचं त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि दाजी तोवर पायात चप्पल सरकवून तयार होते.

"थोडक्यात," दाजी उभे राहिले, "मयत व्यक्ती म्हणजे ही हार्ड डिस्क."

"मयत म्हणू नका हो."

"बरं, तूर्तास अत्यवस्थ म्हणू. मला जागा मोकळी करून द्या."

टेलरबाई काउंटरवर आलेल्या एका गिऱ्हाइकाकडे वळल्या, आणि दाजींनी कॅबिनेटचं झाकण उघडलं. म्हणजे स्क्रू मेहुण्याने काढले, झाकण मेहुण्याने ओढलं, आणि दाजी "सावकाश" म्हणाले. मग रबरी हातमोजे चढवून त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि डोकं आत घातलं.

"चकचकीत!" आतून घुमल्यासारखा आवाज आला. "शिवणकामाचं दुकान, हवेत सगळीकडे धागे आणि बोळे, आणि आत कणभर धूळ नाही. याचा अर्थ काय?"

"कोणीतरी साफ केलंय."

"पुरावा साफ केलाय!" दाजींनी डोकं बाहेर काढताना ते कॅबिनेटच्या कडेवर आपटलं. "लिहून घे."

मेहुण्याने लिहून घेतल्यासारखं केलं आणि स्वतः वाकून बघितलं. आत वायरींचा एक जुडगा होता आणि त्याला गुलाबी फुलांच्या कापडाची नीटनेटकी नळी घातलेली होती. दोन्ही टोकांना बारीक मुरड होती, आणि मध्ये कापडाची छान घडी पडलेली होती.

"दाजी, हे फुलाफुलांचं कापड..."

"कापड नव्हे ते. उष्णतारोधक आवरण. मोठ्या कंपन्या असल्या बारीक गोष्टी सांभाळतात."

"पण गुलाबी फुलं?"

"कंपनीचं चिन्ह."

 दाजींशी वाद घालायला मोकळा दिवस आणि दोन साक्षीदार लागत, आणि मेहुण्याकडे दोन्हींपैकी काहीच नव्हतं. तोवर दाजींनी बॅगेतून लोहचुंबक काढून ते थेट डिस्ककडे नेलं. मेहुण्याने झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

"दाजी, काय करताय! चुंबकाने आतली माहिती पुसली जाते."

"हे कोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना."

"म्हणजे गुन्हेगारालाही!" दाजींचे डोळे लकाकले. "कोणीतरी गिऱ्हाईक म्हणून आलं, खिशात चुंबक, बोलता बोलता टेबलाला टेकलं, आणि काम फत्ते. आता मला सांग, टेलरबाईंची मापं नष्ट झाली तर पोळी कोणाची भाजते?" त्यांनी काचेतून समोरच्या दुकानाकडे बोट रोखलं. समोर तयार कपड्यांचं दुकान होतं.

दाजी वेषांतर करून रस्ता ओलांडून गेले. वेषांतर म्हणजे त्यांनी टोपी उलटी घातली.

"या दाजी," रेडीमेडवाला गल्ल्यावरून म्हणाला, "आज काय हरवलंय?"

दाजींनी टोपी सुलटी केली. "तुमच्या दुकानात लोहचुंबक आहे का?"

"आहे की. सुया पडल्या की गोळा करायला. हवंय?"

दाजींनी मेहुण्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. "टेलरबाईंची सगळी मापं गेली. तुम्हाला आनंद झाला असेल."

रेडीमेडवाल्याचा चेहरा उतरला. "सगळी? अरेरे! अहो, मला कसला आनंद? माझ्याकडे मापं तीन, लहान, मध्यम आणि मोठं. माणसं काय तीनच प्रकारची असतात होय? जो माझ्या कपड्यात बसत नाही त्याला मीच समोर पाठवतो. बाईंचं दुकान बंद पडलं तर ती माणसं इथेच बसून मला शिव्या घालतील. ग्रंथपालबाईंच्या कोटाचं काय होणार आता?"

परत रस्ता ओलांडताना दाजी विचारात पडले होते. "फार पोचलेला गुन्हेगार आहे," ते म्हणाले. "इतका पोचलेला, की अगदी निरपराध माणसासारखा वागतो."

"दाजी, तो निरपराध असेल म्हणून तसा वागत असेल."

"ही शक्यता मी शेवटी विचारात घेतो."

त्यानंतरच्या तासाभरात दाजींनी जे सिद्धान्त मांडले ते सगळे सांगण्यात अर्थ नाही. बाईंच्या इस्त्रीमुळे विजेला दम लागला असावा, हा एक झाला. उंदीर हा दुसरा. उंदीर नसल्याचं टेलरबाईंनी शपथेवर सांगितल्यावर दाजी म्हणाले की येऊन गेलेला उंदीर नसतोच. मग त्यांनी स्टीलच्या पेल्याचं तोंड डिस्कला लावून बुडाला कान लावला आणि बराच वेळ ऐकलं. शेवटी हळूच मान हलवली. तेवढ्यानेच टेलरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

मेहुण्याला दाजींचा राग आला. एरवी त्यांची गंमत वाटे, पण आज ती वाटेना. घडीतलं कापड इस्त्रीच्या टेबलावर तसंच पडून होतं, गडद निळं, भारीपैकी, आणि काचेवरचं ऊन खाली खाली सरकत होतं. त्याने गुपचूप दुसऱ्या एका कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, परवा बघतो. परवा येऊन काय करणार होता? भाषण उद्या होतं.

"हेतू!" दाजी एकदम ओरडले. टेलरबाईंच्या हातून कात्री निसटली. "आपण हत्यार शोधत बसलो, हेतू शोधलाच नाही. मला सांगा, मापं नष्ट व्हावीत असं कोणाला वाटेल?"

"कोणालाच नाही," टेलरबाई म्हणाल्या.

"ज्यांची मापं वाढली त्यांना!" दाजींनी हात मागे बांधून फेऱ्या मारायला सुरुवात केली. "समजा, एक बाई आहे. तिचं जुनं माप आत नोंदलेलं आहे. आज ती वेगळी आहे. जोवर ते माप आहे तोवर तुलना आहे. तुलना आहे तोवर बेइज्जती आहे. काय सुचेल तिला?"

"कमी जेवायचं सुचेल," मेहुणा पुटपुटला.

"पुरावा नष्ट करायचं! आता ह्या दुकानात नेहमी येणारी, वाढलेली, आणि आतल्या मांडणीची माहिती असलेली बाई कोण?"

नेमक्या त्याच क्षणी दुकानाचं दार ढकलून ताई आत आली.

ताई घामाघूम होती आणि तिच्या एका हातात भाजीची पिशवी होती. "अहो," ती दारातूनच म्हणाली, "घराच्या दोन्ही किल्ल्या खिशात घालून कोण हिंडतं? अर्धा तास झाला, मी जिन्यात उभी आहे. आणि माझा टॉर्च कुठाय?"

दाजी तिच्याकडे एकटक बघत होते. मेहुण्याने ती नजर ओळखली. "दाजी, नको," तो म्हणाला. पण तोवर उशीर झाला होता.

"बस," दाजींनी स्टुलाकडे हात केला. "घाबरू नकोस. नवरा म्हणून नाही, तपास अधिकारी म्हणून विचारतो. तू शेवटचं माप कधी दिलंस?"

"काय?"

"आणि त्यानंतर तुझ्या मापात फरक पडलाय का? विचार करून उत्तर दे."

 टेलरबाईंनी लगबगीने टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या. ताईने भाजीची पिशवी सावकाश खाली ठेवली.

"आधी तुम्ही आरशात बघा," ती म्हणाली. "शर्टाचं खालचं बटण लावायला दोन माणसं लागतात तुम्हाला. मी धरते आणि तुम्ही श्वास धरता. आणि मला विचारताय फरक पडलाय का! टॉर्च द्या माझा."

"टॉर्च घटनास्थळी आहे. त्याला हात लावू नकोस."

ताईने त्यांना बाजूला सारलं, कॅबिनेटशी गेली, आणि आत पेटत पडलेला आपला टॉर्च काढायला वाकली. वाकली ती तशीच राहिली.

"अगंबाई," ती म्हणाली.

"पाहिलंस?" दाजी म्हणाले. "मृत्यू बघवत नाही."

"अहो, हे माझ्या गाऊनचं कापड आहे!"

टेलरबाईंच्या तोंडातून एक टाचणी खाली पडली.

"हेच! गुलाबी फुलं, त्याला हिरवा देठ. मी तुम्हाला विचारलं होतं, बाई, कापड उरलं का, मला उशीचा अभ्रा करायचाय. तुम्ही म्हणालात, चिंधी नाही उरली. कापड कमीच पडलं, उलट माझ्याकडचं लावलं, असं म्हणालात!"

"थोडंसंच होतं हो," टेलरबाई लालबुंद झाल्या. "अभ्रा कुठला व्हायला त्यात. दरवर्षी हे तो डबा उघडून साफ करायचे. ह्या वर्षी मी केला. आत बघते तर वायरी नुसत्या लोंबतायत. कापडाच्या कडेला एक धागा लोंबला तर मला झोप लागत नाही. म्हटलं, एक नळी शिवून टाकू."

"चोरी!" दाजी गरजले. "केस सुटली! उरलेल्या कापडाची अफरातफर! मेहुण्या, वेळ लिही."

त्यांच्याकडे कोणीच बघितलं नाही. ताईने टॉर्च दातांत धरला होता आणि दोन्ही हात आत घातले होते. आपलं कापड परत घ्यायचंच, असा तिच्या पाठीवर निर्धार दिसत होता. तिने नळी बोटांनी चाचपली.

"बाई," ती टॉर्च काढून म्हणाली, "ह्या वायरीला चुणी घातलीय तुम्ही?"

"हो. लांब होती. मापापेक्षा बरीच जास्त. कापली नाही हं, कापायला मी वेडी नाही. नुसती दुमडून आत टीप मारली. परकर उंच करतो तशी."

"आखूड केलीत?"

"सुबक दिसते की. आणि त्यानंतर चार दिवस चांगला चालला हो कॉम्प्युटर."

"सुबक दिसते, पण पोचत नाही," ताई म्हणाली. "हे बघा. हे टोक इथे खोबणीत बसायला हवं. ताण पडून पडून बाहेर आलंय. नुसतं टेकलंय कसंबसं. कात्री द्या."

टेलरबाईंनी छोटी कात्री पुढे केली. ताईने टीप उसवली. चुणी सुटली, वायर आपल्या मूळच्या लांबीने सैलावून खाली आली, आणि ताईने तिचं टोक अंगठ्याने डिस्कच्या मागच्या खोबणीत दाबलं. खट्ट आवाज झाला. मग तिने फुलाफुलांचं कापड झटकून आपल्या भाजीच्या पिशवीत टाकलं.

"लावा आता," ती म्हणाली.

मेहुण्याने बटण दाबलं. काळा पडदा काळाच राहिला. मग कॅबिनेटच्या आतून एक जुनी, कुरकुरती, ओळखीची घरघर सुरू झाली. पडद्यावर अक्षरं धावली. शेवटी एक निळी चौकट उघडली, आणि तिच्या माथ्यावर टेलरबाईंच्या यजमानांनी कधी काळी टाइप केलेलं दिसलं, 'बाई, आकडा जरा मोठ्याने सांगा.'

टेलरबाई त्या वाक्याकडे बघत खुर्चीत बसल्या. त्या हसत होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या. ताईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कापडाचं भांडण दोघीही त्या वेळेपुरतं विसरल्या. मेहुणा आपल्या दुकानात पळाला आणि एक पेनड्राइव्ह घेऊन आला. मापांची एक प्रत त्याने आधी काढली, मगच बाईंना कापडाला हात लावू दिला. आज दुपारभरात त्याला सुचलेलं हे एकच शहाणपण होतं, आणि तेही डिस्क मरून जिवंत झाल्यावर सुचलं.

"मी म्हटलंच होतं," दाजी म्हणाले, "पेल्याला कान लावला तेव्हाच मला धुगधुगी ऐकू आली होती."

बाईंनी खडूने निळ्या कापडावर रेघा ओढल्या. एका बाजूला रेघ वर चढली, दुसऱ्या बाजूला खाली उतरली, पाठीच्या मधोमध हळूच वळली. मग कात्री चालू लागली. ताई घरची किल्ली घेऊन जायला निघाली होती, पण ती गेली नाही. कच्चे टाके घालायला बसली. मेहुणा सुया ओवून देत होता. दाजी स्टुलावर बसून केसची हकिगत मनात जुळवत होते. मधूनच ओठ हलत, मधूनच एखादा हात हवेत उडे. ताईचा त्या हकिगतीत फारसा भाग नसावा, असं मेहुण्याला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

कोट जेमतेम उभा राहतोय तोवर दार उघडलं आणि ग्रंथपालबाई आल्या. दुकानात एवढी माणसं बघून त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"या ना," टेलरबाई म्हणाल्या. "ही आपली घरचीच माणसं."

बाईंनी पडद्याआड जाऊन कोट चढवला आणि आरशासमोर आल्या. कच्चे पांढरे टाके अजून दिसत होते, एक बाही नुसती टाचलेली होती. पण खांदा खांद्यावर बसला होता आणि पाठीवरून कापड असं उतरलं होतं की कुठेही अडत नव्हतं, ओढत नव्हतं. ग्रंथपालबाई आरशात बघत राहिल्या. मग त्यांनी मान थोडी वर केली. 

"छान बसलाय," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. मग घुटमळल्या. त्यांची नजर कोपऱ्यातल्या उघड्या कॅबिनेटवर गेली होती. "येताना समोरचे दुकानदार म्हणाले, तुमचा कॉम्प्युटर मेला, सगळ्यांची मापं गेली. मी रस्ताभर तोच विचार करत आले. म्हटलं, आता पुन्हा..." पुढचं त्यांनी गिळलं. त्यांचा एक हात नकळत कोटाच्या खालच्या खांद्यावर गेला होता. "खरंच गेली होती का?"

टेलरबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांना खोटं बोलता येत नसे. कापडाचं सोडून.

आणि दाजी स्टुलावरून उठले.

मेहुण्याने डोळे मिटून घेतले. हीच ती वेळ होती. समोर नवा श्रोता, हातात ताजी केस, त्यात मृत्यू, संशयित, चुंबक, उंदीर आणि शेवटी विजय. अशा वेळी दाजींना कोणी आवरू शकत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने पाय पुढे केला, निदान त्यांच्या पायावर तरी द्यावा म्हणून.

"बाई," दाजी म्हणाले, "माझी ओळख करून द्यायची गरज नाही." आणि चमत्कार म्हणजे त्यांनी ती करून दिलीच नाही. ते ग्रंथपालबाईंकडे बघत होते, त्यांच्या त्या खांद्यावरच्या हाताकडे. त्यांनी एक आवंढा गिळला. बराच मोठा असावा, कारण तो उतरायला वेळ लागला. "समोरचा दुकानदार म्हणजे... त्याला तीनच मापं कळतात, त्याला कॉम्प्युटरमधलं काय कळणार? कॉम्प्युटर वगैरे काही मेला नव्हता. काही गेलं नव्हतं. काही झालंच नाही इथे. डब्यात धूळ बसली होती, ती झाडायला उघडलाय."

"मग तुम्ही?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"मी?" दाजींनी इकडे तिकडे बघितलं. "मी बायकोला किल्ली द्यायला आलो होतो."

ग्रंथपालबाईंचा हात खांद्यावरून खाली आला. त्या हसल्या, पहिल्यांदाच, आणि पुन्हा आरशाकडे वळून त्यांनी बाही जरा आखूड करायला सांगितली. टेलरबाईंनी मान हलवून नुसत्या नजरेने लांबी हेरली आणि बाहीला टाचणी लावली.

ताई दाजींकडे बघत होती. लग्नात बघितलं असेल त्यानंतर बहुधा आजच तिने त्यांच्याकडे असं बघितलं होतं. मेहुण्यालाही आज दुपारचा सगळा राग कुठे गेला ते कळेना. ह्या माणसाने आपली सगळी केसच स्वतःच्या हाताने गायब केली होती, आणि ती त्याला किती प्यारी होती हे मेहुण्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

दाजी रस्त्याला लागले. त्यांचे गाल फुगले होते आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. कोपऱ्यावर आल्यावर त्यांना राहवेना.

"कोणालाच सांगायचं नाही का रे?" त्यांनी मेहुण्याला कळवळून विचारलं. "अगदी कोणालाच? निदान घरी गेल्यावर हिला तरी सांगतो ना, ती सुटलेली वायर कशी शोधून काढली ते."

"ती तर ताईनेच शोधून काढली, दाजी."

दाजी जागच्या जागी थांबले. पुढे ताई पिशवी हलवत चालली होती.

"हो की," ते म्हणाले. "मग तिलाच विचारू या, कशी काढली ते. मला अजून नीट कळलेलं नाही."